लॉरीमागचा गाडा आणि मी न वाचलेली ओळ

मुलांनो,

तुम्हा दोघांच्या पत्रांत या खेपेला एकच भांडण आहे. थोरला लिहितो, घरची पिकअप उत्तम आहे, तिच्या स्प्रिंगा बदलून मागे जाडसर आकडा बसवला की ती नवी बोट गाड्यावर घालून सहज ओढील. धाकटी लिहिते, दादाला काही कळत नाही, बोट ओढायची तर मोठाच ट्रक घ्यायला हवा. आणि शेवटी दोघांनीही लिहिलंय, 'आजी, तू सांग.'

मी काय सांगणार? मोटारीतलं मला फारसं कळत नाही. पण हे भांडण मी पूर्वी ऐकलेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी, बोर्लीला, आमच्या ओटीवर. त्यात माझाही एक भाग होता, आणि बोर्ली सोडल्यावर तो मी तुमच्या आजोबांखेरीज कोणाला सांगितलेला नाही. तुमची पत्रं मंगळवारी आली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कपाट दोनदा आवरून झालं, डाळींचे डबे पुसून झाले. आज शुक्रवार. म्हणून शेवटी लिहायलाच बसले. तुम्ही बोट विकत घेण्याआधी हे पोचायला हवं.

क्रमाने सांगते.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. बोर्ली पंचतनला आमची सुपारीची वाडी होती आणि एक मोटार-लॉरी होती. लॉरी एक टनाची, आणली तेव्हाच जुनी. मुंबईची आगबोट दिघीला लागे, तिथून उतारू आणि सामान घेऊन ती गावात येई आणि सुपारीची पोती घेऊन परत जाई. सबंध टापूत तेवढीच एक मोटार, त्यामुळे तिला कोणी नावं ठेवत नसे. चालवणारा पूर्वी त्याच रस्त्यावर बैलगाडी हाकायचा. आप्पांनीच त्याला मोटार शिकवली. चढाला आला की तो अजूनही तोंडाने बैलांना हाकारायचा, आणि आप्पा म्हणायचे, "अरे, तिला कान नाहीत." तो म्हणायचा, "नसूंदे आप्पा, मला बरं वाटतं."

मी मुंबईला मामांकडे राहून शिकले. तीस सालानंतरची ही गोष्ट. मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आले होते, आणि जूनमध्ये कॉलेजात जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आप्पांनी मामांना तसं पत्र लिहिलं होतं. त्या पत्रात एक वाक्य होतं, ते मला पाठ झालं होतं: वाडीच्या उत्तरेकडच्या पट्टीचं उत्पन्न मुलीच्या शिक्षणासाठी ठेवतो आहे. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मुलगी त्या आधी नव्हती. मी ट्रंक काढून ठेवली होती आणि न्यायच्या वस्तूंची यादी झाकणाला आतून चिकटवली होती.

त्या एप्रिलमध्ये आप्पांनी एक तेलावर चालणारं इंजिन आणि भात भरडायचं यंत्र आणलं. जुनंच, पण चालू. तेव्हा आमच्याकडे घरोघर बायका घिरटाच्या मोठ्या जात्यावर भात भरडायच्या आणि उखळात सडायच्या. खांदे भरून यायचे. आप्पांच्या मनात असं की, यंत्र गावोगाव न्यायचं. दोन दिवस एका गावात, दोन दिवस पुढच्या. लॉरीत ठेवलं तर उतारू कुठे बसणार? म्हणून चार लोखंडी चाकांचा एक मजबूत गाडा करून घेतला, त्यावर यंत्र पक्कं केलं, आणि तो गाडा लॉरीच्या मागे जोडायचा असं ठरलं. गावात सोडून लॉरी परत आपल्या कामाला.

पण लॉरी त्याला ओढील का?

इथून ते भांडण सुरू झालं. पेणचा एक व्यापारी दोन टनांची लॉरी विकायला तयार होता. ती घ्यायची म्हणजे उत्तरेकडची पट्टी विकायची. हे आप्पांनी जेवताना सांगितलं, सहज, वाटीतलं ताक ढवळत. माझ्या ताटातला भात तसाच राहिला. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. आईने मात्र पाहिलं.

दुसरी बाजू होती चाचांची. चाचा आमच्या गावच्या मोहल्ल्यातले. तीस वर्षं विलायती बोटींच्या इंजिनात तेलवाला म्हणून काढून म्हातारपणी परत आलेले. त्यांचा शब्द आमच्याकडे यंत्राच्या बाबतीत शेवटचा. ते लॉरीखाली आडवे झाले, अर्ध्या तासाने निघाले आणि लुंगी झाडत म्हणाले, "मोठी कशाला घ्यायची? हिचीच हाडं मजबूत करू. मागच्या स्प्रिंगांना दोन-दोन पाटे वाढवतो. सांगाड्याला पट्ट्या ठोकतो. आकडा असा बसवतो की हत्ती बांधा."

"हत्ती नको, गाडा ओढला तरी पुरे," आप्पा म्हणाले.

"ओढील. पण आधी किताब बघा. बोटीवर आमचा साहेब किताब वाचल्याबिगर वाफ चढवू देत नव्हता."

लॉरीबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. तेलाचे डाग पडलेलं, हिरव्या पुठ्ठ्याचं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, चाचांना बोलता येई पण वाचता येत नव्हतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. आप्पांनी हाक मारली. आवाजात किती कौतुक होतं ते आजही कानात आहे. "ये गं, आमच्या बॅरिस्टर. काय म्हणतंय पुस्तक ते सांग."

दुपारची वेळ. आप्पा झोपाळ्यावर, चाचा ओटीच्या कडेला, चालवणारा पायरीवर, आई दारात सुपारी कातरत. मी अनुक्रमणिका पाहिली, पान काढलं आणि वाचत वाचत मराठीत सांगत गेले. मागच्या स्प्रिंगा मजबूत करता येतात. सांगाडा अमुक जागी मजबूत करावा, तमुक जागी भोक पाडू नये. चाचा मान हलवत होते. पान संपलं, वाक्य अर्धं राहिलं, म्हणून मी पान उलटलं.

पलीकडे तीनच ओळी होत्या. ज्या गाड्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, तो या मोटारीमागे लावून तीव्र उतारावर कदापि नेऊ नये, आणि तसा प्रदेश असेल तर अधिक वजनाची मोटार वापरावी.

अधिक वजनाची मोटार. म्हणजे पेणची लॉरी. म्हणजे उत्तरेकडची पट्टी.

मी पान परत मागे घेतलं आणि म्हणाले, "एवढंच आहे. करता येतं म्हणतात."

आप्पांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला. "झालं तर! चाचा, कधी सुरू करता?"

ओटीवरचे सगळे उठून गेल्यावर आई म्हणाली, "तू पान उलटलंस आणि परत आलीस."

"वाक्य संपायचं होतं."

"संपलं ना?"

"हो."

ती पुन्हा सुपारी कातरायला बसली. अडकित्ता फार वेळ चालू राहिला.

पुढचे पंधरा दिवस चाचांनी आमच्या आवारात भाता लावून काम केलं. हातोड्याचा आवाज सकाळी सुरू होई आणि मी घरातल्या घरात फिरत राही. ट्रंक भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. विहिरीवर जायचं आणि कळशी न भरता परत यायचं. मी स्वतःला समजावत होते की, पुस्तक लिहिणाऱ्यांनी आपलं अंग काढून घेण्यासाठी असं लिहिलेलं असतं. त्यांना इथले रस्ते काय माहीत? इथले रस्ते त्यांना माहीत नव्हते, पण मला होते. दिघीच्या अलीकडचा उतार मी शंभरदा उतरले होते.

काम झालं. सपाटीवर गाडा जोडून लॉरी बाजारापर्यंत जाऊन आली. लोक मागून धावले, कोणीतरी इंजिनाला झेंडूची माळ घातली. सगळं व्यवस्थित. मी इतकी हलकी झाले की त्या दिवशी दोन वेळा जेवले.

पहिली फेरी दिघीची ठरली. यंत्र तिथे धक्क्याजवळ दोन दिवस चालवायचं, आणि जमलं तर सांगडीवरून, म्हणजे दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या टाकतात त्यावरून, खाडीपलीकडे आगरदांड्याला न्यायचं. पावसाला तीन आठवडे होते. मलाही बरोबर घेतलं, कारण काही अडलं तर पुस्तक वाचायला माणूस हवं.

उताराच्या माथ्यावर लॉरी थांबली. तिथे उतारूंनी खाली उतरून चालत जायची पद्धत होती. आम्ही उतरलो. चालवणाराही उतरला आणि रस्त्याकडेच्या झाडीत शिरला. परत आला तो एक भलामोठा ऐनाचा ओंडका ओढत, हातात काथ्याचा दोर.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"गाड्याच्या मागं बांधतो. उताराला फरफटत येईल, गाड्याला मागं धरंल. आम्ही भरल्या बैलगाडीला बांधतोच."

"अरे, ही बैलगाडी आहे का? रस्ता उकरून काढशील, लोक मला शिव्या देतील. मोटारीला ब्रेक आहेत की."

"मोटारीला हाइत. गाड्याला कुठं हाइत?"

आप्पांनी गाड्याच्या चाकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "काय गं, असं काही लागतं म्हणून पुस्तकात आहे?"

पुस्तक माझ्या हातात होतं. पानात बोट घालायचीसुद्धा गरज नव्हती. तो ओंडका बांधू दिला असता तरी माझं कॉलेज कुठे जात नव्हतं, हे आता कळतं. पण तेव्हा वाटलं, एक धागा ओढला की सगळंच उसवेल. मी म्हणाले, "नाही."

"बघ," आप्पा त्याला म्हणाले. "टाक तो ओंडका."

त्याने टाकला. पायाने कडेला सारला. "पुस्तकवाल्यांनी दिघीचा उतार बघितला नसंल," असं पुटपुटत तो चाकाशी जाऊन बसला.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर गाडा लॉरीला ढकलू लागला. आम्हाला वरून दिसत होतं. लॉरीचे ब्रेक ओरडत होते, मागची चाकं थांबलेली आणि तरी लॉरी पुढे सरकत होती, आणि गाडा तिरका होत होत तिच्या कुशीशी येत होता. चालवणाऱ्याने मोठ्याने बैलांना थांबवायचा आवाज काढला. खरंच काढला. मग त्याने चाक फिरवून लॉरी डोंगराच्या अंगाला घातली. दुसऱ्या अंगाला खाडी होती. धूळ उडाली, गाडा उलटला, इंजिन यंत्रासकट सुटून उतारावरून गडगडत खाली धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन पडलं.

आप्पा धावले. मी धावले नाही. मी पुस्तक हातात घेऊन माथ्यावरच उभी होते.

चालवणारा जगला. डावा हात कोपराशी मोडला होता. त्याला होडीने पलीकडे नेलं, तिथल्या डॉक्टरने हात बांधला आणि सांगितलं की पूर्ण सरळ होणार नाही.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस. मी सांगणार होते. दर तासाला ठरवत होते. आणि तेवढ्यात गावात बोलणं सुरू झालं की, चाचांच्या कामात खोट होती. बोटीवर तेल घालणारा माणूस, त्याला मोटारीतलं काय कळतं? बाजारात कोणीतरी त्यांना तोंडावर म्हणालं, "काय चाचा, हत्ती सुटला वाटतं?"

चौथ्या दिवशी सकाळी चाचा आले. त्यांनी फडक्यात गुंडाळून तो लोखंडी आकडा आणला होता. चालवणाराही आला, हात झोळीत. चाचांनी आकडा ओटीवर ठेवला. "बघा आप्पा. चिरलेला नाही, वाकलेला नाही. पाटे शाबूत, पट्ट्या शाबूत. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ उतारावर जाऊन तपासतो. मला माझी चूक सापडत नाही." मग माझ्याकडे पाहून अगदी नरम आवाजात म्हणाले, "बाय, मेहरबानी कर. किताबात परत एकदा बघ. माझं काही ऐकायचं राहिलं असेल."

आई दारात होती. आज तिच्या हातात काही नव्हतं.

मी पुस्तक आणलं. तेच पान काढलं, उलटलं, आणि त्या तीन ओळी आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचल्या. मग म्हणाले, "हे त्या दिवशीही इथे होतं. मी वाचलं होतं. सांगितलं नाही. मला कॉलेजात जायचं होतं."

सगळ्यांत आधी बोलला तो चालवणारा. "म्हंजे माझा ओंडका पुस्तकात हाय?"

"ओंडका नाही. ब्रेक."

"येकच ते." त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर नुसता आनंद होता. "बघा आप्पा! साहेबाला पण ठाव हाय!" मग त्याची नजर आपल्या झोळीतल्या हाताकडे गेली.

चाचांनी आकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला. "तीन दिवस, बाय," ते एवढंच म्हणाले. आप्पा झोपाळ्यावरून उठले, चपला न घालता वाडीत निघून गेले आणि दुपारच्या जेवणालाही आले नाहीत. त्याच संध्याकाळी ते चाचांना घेऊन बाजारात गेले आणि दुकानादुकानाशी थांबून सांगून आले की, चाचांच्या कामात दोष नव्हता, दोष आमच्या घरात होता.

मी म्हणाले, "मी कॉलेजात जात नाही."

"तू गेली नाहीस म्हणजे त्याचा हात सरळ होणार आहे का?" आप्पा म्हणाले. "जा. पण आधी ते पुस्तक सबंध मराठीत लिहून काढ. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एक ओळ गाळायची नाही. ते झालं की जा."

पुस्तक दोनशे पानांच्या आसपास होतं. पावसाळ्यात आगबोटी बंद होत, आणि शेवटची बोट पंधरा दिवसांवर होती. मी सकाळी उजाडल्यापासून लिहीत असे. बोटाला घट्टा पडला. जे शब्द मला माहीत नव्हते ते विचारायला चाचांकडे जावं लागे. पहिल्या दिवशी ते पाठ करून बसले, पण यंत्राचा प्रश्न समोर आला की त्यांना गप्प बसवत नसे. शेवटच्या बोटीचा भोंगा वाजला तेव्हा माझी साठेक पानं राहिली होती. तो भोंगा दिघीहून आमच्या घरी ऐकू येत नाही. मला आला.

त्या वर्षीचं कॉलेज गेलं. पावसाळाभर दुपारी मी ती वही ओटीवर मोठ्याने वाचत असे. ऐकायला आप्पा, चाचा आणि चालवणारा. मध्येच तो म्हणे, "थांबा ताय, पान उलटलं का?" आणि सगळे हसत. सुरुवातीला मला त्या हसण्याने रडू येई. श्रावणापर्यंत मीही हसू लागले.

आणि ते भांडण? ते निकालात निघालंच नाही. इंजिन जिथे पडलं होतं तिथून ते पावसाआधी उचलायला माणसं मिळेनात, म्हणून त्यावर झावळ्यांचं छप्पर घातलं. चाचांनी ते तिथेच उघडून साफ केलं आणि सहज चालू करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भात घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, भरडून द्याल का? आप्पांच्या लक्षात आलं की यंत्राने गावोगाव फिरायची गरज नाही. गावं आठवड्यातून एकदा बाजाराला धक्क्यावर येतातच. इंजिन तिथेच दगडी चौथऱ्यावर बसवलं आणि चालवणारा त्याचा मुख्य झाला. एका हाताने सगळं करायचा. पेणची लॉरी कोणी घेतली नाही. उत्तरेकडची पट्टी राहिली, आणि तिच्यावरच पुढच्या वर्षी, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने, मी कॉलेजात गेले.

मी बोटीत चढत असताना तो गिरणीतून बाहेर आला. अंगभर कोंडा, डावा हात कोपरातून वाकलेला, तो आता तसाच राहिला होता. म्हणाला, "ताय, तिथं पन पुरतं वाचा हां."

तर मुलांनो, मोठा घ्या की आहे तोच बदला, हे मी सांगणार नाही. बोटीच्या गाड्याला स्वतःचे ब्रेक आहेत का, एवढं मात्र मला उलटटपाली कळवा. तोवर मला चैन पडणार नाही.

ती माणसं आता कोणी नाहीत. लॉरी कधीच भंगारात गेली. दिघीला धक्क्याजवळ तो दगडी चौथरा अजून आहे, त्यावर हल्ली जाळी वाळत घालतात. आकडा चाचांच्या नातवाच्या घरी विहिरीच्या रहाटाला आहे. वही माझ्याकडे आहे, आणि तिच्यातली एकही ओळ गाळलेली नाही.